शंभर लिटर, चार माणसं, दोन दिवस: गाडीतल्या मुक्कामाचं पाणी

आज गाडीत राहून कॅम्पिंग करण्याबद्दल बोलूया. गाडीचं इंजिन, गादी, सोलर हे सगळं नंतर कधीतरी, आज फक्त पाणी.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून भाड्याची कॅरॅव्हॅन हा शब्द आपल्याकडेही ऐकू येतो. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गाडी लावली की नळ आणि ड्रेनेजचा पाइप जोडून मिळेल, अशी जागा मला तरी दिसलेली नाही. आम्ही आई, बाबा, भाचा आणि मी असे चौघं पांढरकवड्याकडे जातो. टिपेश्वर अभयारण्यात मुक्काम करता येत नाही. सुन्ना किंवा माथनी गेटमधून सफारी करायची आणि बाहेर यायचं. रात्री गाडी ओळखीच्या शेतात. टाकी शंभर लिटरची, मुक्काम दोन दिवसांचा.

शंभर लिटर म्हणजे किती? जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी रोजचं प्रमाण ५५ लिटर धरलंय. त्या हिशेबानं चौघांना दिवसाला २२० लागतात. म्हणजे आपली टाकी दुपारपर्यंतच संपली! आपत्तीच्या छावण्यांसाठी जगभर किमान १५ लिटर माणशी धरतात. आपलं गणित त्याच्या आसपास बसवायचंय. घरचं पाणी वायफायसारखं असतं, टाकीचं पाणी रोजच्या डेटा पॅकसारखं.

आमचा कोटा दिवसाला ४५ लिटर. अंघोळी २०, भांडी ८, संडास १०, हात-तोंड ७. दोन दिवसांचे ९०, आणि १० लिटर कुणीच हात लावायचा नाही. पिण्या-रांधायचं पाणी यात नाही, त्याचे वीस लिटरचे दोन जार घरूनच भरून न्यायचे. उन्हात माणशी चार लिटर पिण्याचे सोडूनच द्या, त्यात काटकसर नाही.

कोटा पाळायचा कसा? टाकीच्या इंडिकेटरवर विसंबू नका. चार दिवे असतात, म्हणजे एक दिवा पंचवीस लिटरचा, आणि गाडी उतारावर उभी असली की तोही खोटं बोलतो. (सॉफ्टवेअरवाल्यानं सेन्सरवर अविश्वास दाखवावा, हे जरा गंमतीचं आहे.) सकाळी पंपानं पंधरा लिटरचे तीन तोटीवाले कॅन भरायचे आणि पंपाचा स्विच बंद. कॅन संपले, दिवसाचं पाणी संपलं. भाच्यालाही हे लगेच कळतं. उघडा नळ मिनिटाला सहा-आठ लिटर सोडतो. दोन मिनिटं ब्रश करताना तो वाहिला तर दिवसाचा तिसरा हिस्सा गेला.

भांड्यांचं पाणी मात्र मेनूवर ठरतं. वरण-भात, भाजी, कुकर म्हटलं की आठ लिटर पुरत नाहीत. रोडगे आणि वांग्याची भाजी करा, पळसाच्या पत्रावळीवर वाढा; घासायला एक गंज आणि दोन चमचे उरतात. आई तर आधी राखेनं घासून पुसून घेते, मग एकाच पाण्यात काम होतं. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा-चापडोहनं तळ गाठला आणि यवतमाळ शहर टँकरवर आलं, तेव्हापासून आमच्या घरात या कलेचा सराव आहे राजेहो!

आता मुख्य गोष्ट. पाणी संपलं तर गावातल्या हातपंपावर भरून घेऊ आणि उकळून पिऊ, असं बरेच जण धरून चालतात. केळापूर आणि झरी-जामणी तालुक्यांत अनेक ठिकाणच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते खडकातूनच येतं. त्याला रंग, वास, चव काही नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं आणि सांधे धरतात.

उकळल्यानं जंतू मरतात, फ्लोराइड नाही जात. उलट पाणी आटतं आणि उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतं. क्लोरीनच्या गोळ्या आणि यूव्ही हेही जंतूंपुरतेच. आरओनं निघतं, पण एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर फेकलं जातं. शंभर लिटरच्या टाकीत हे परवडत नाही. नागपूरच्या नीरी संस्थेनं तुरटी आणि चुन्यानं फ्लोराइड खाली बसवायची नालगोंडा पद्धत काढली, पण त्यात मात्रा पाण्याप्रमाणे मोजून घालावी लागते. चहा करता करता जमणारं काम नाही ते.

दोन दिवस ते पाणी पिऊन तुम्हाला काही होणार नाही. फ्लोरोसिस वर्षांचा आजार आहे. पण अशा गावात चांगल्या पाण्याची एखादीच विहीर किंवा नळ असतो, आणि लहान मुलांची आई तिथूनच गुंड भरून नेते. गावकरी आपल्याला पाहुणे समजून नेमकं तेच पाणी पुढे करतात. आपण त्यावर पाइप लावून शंभर लिटर ओढायचे आणि त्यात टायर धुवायचे? म्हणून पिण्याचं पाणी घरून. वापरायचं कमी पडलंच तर आधी विचारायचं, "काका, वापरायचं पाणी कुठून घेऊ?" आणि ते दाखवतील तिथूनच एक कॅन भरायचा.

साबणाचं पाणी नाल्यात सोडू नका, तिथे गुरं पितात. खाली बादली लावून गोळा करा आणि नाल्या-विहिरीपासून साठेक मीटर दूर मातीत पसरून टाका. संडासाची टाकी मात्र शेतात रिकामी करायची नाही, ती बंद करून घरी आणायची. परत आल्यावर पाण्याची टाकी पूर्ण उपसा आणि झाकण उघडं ठेवून वाळवा, नाहीतर पुढच्या ट्रिपला शेवाळाचा वास ठरलेला. ते राखून ठेवलेले दहा लिटर उरले असतील, तर आमच्याकडे ते तुळशीला आणि कढीपत्त्याला जातात.