ओला प्लग काय सांगतो?

सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही. चार-पाच वेळा असं झालं की बॉनेटखालून पेट्रोलचा वास सुटतो. मुंबईत पद्मिनी टॅक्सीचं युग ऑक्टोबर 2023 मध्ये संपलं, तरी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्या हौसेने जपणारे बरेच आहेत आणि त्यांना हा वास चांगला ओळखीचा आहे. ‘गाडी ओव्हर झाली’ म्हणत लगेच कार्बोरेटर खोलला जातो. पुष्कळदा त्याचा काहीच दोष नसतो.

पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही. पेटते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. आकारमानाने साधारण दीड टक्क्याहून कमी वाफ असेल तर ठिणगी वाया जाते. साडेसात टक्क्यांच्या वर गेली तरीही तेच. थंड इंजिनात पेट्रोलचा हलका भाग तेवढा उडतो, बाकीचं मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटून राहतं. म्हणून चोक ओढून हवा अडवायची आणि पेट्रोल जास्त खेचून घ्यायचं. तोच चोक गरम इंजिनाला दिला, की मिश्रण वरची मर्यादा सहज ओलांडतं.

आता प्लग काढून बघा. कोरडा निघाला तर पेट्रोलच पोचत नाही. मग पंप, फिल्टर किंवा उन्हाने पाइपात अडकलेली वाफ शोधायची. ओला निघाला तर पेट्रोल आलं आणि जळलं नाही, एवढंच कळतं. ते जास्त आलं म्हणून जळलं नाही की ठिणगीच दुबळी होती, हे प्लग सांगत नाही. माझ्या मते निदान चुकतं ते नेमकं इथे.

सेल्फ फिरताना थकलेल्या बॅटरीचा 12 व्होल्टचा दाब नऊ-दहावर येतो. कॉइललाही तेवढाच मिळतो. त्यात डेल्कोमधले, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले, पॉइंट जळालेले असले, की निळ्या ठिणगीऐवजी पिवळट, मरगळलेली ठिणगी पडते. तपासायची तर आधी सगळे प्लग परत बसवा आणि वायरला वेगळा, कोरडा प्लग लावून तो इंजिनाच्या धातूला टेकवा. भोकं उघडी ठेवून ठिणगी पाडू नका. तिथून बाहेर पडणारी पेट्रोलची वाफ भडकू शकते.

ठिणगी ठणठणीत असेल, तर मात्र कार्बोरेटर उघडावा. फ्लोट चेंबरचं काम गच्चीवरच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखं: पातळी वाढली की फ्लोट वर येतो आणि निडल पेट्रोल बंद करते. निडलखाली कचऱ्याचा कण अडकला की पेट्रोल वाहतच राहतं. पितळी फ्लोटला चीर गेली असेल तर तो पेट्रोल पिऊन बुडतो. काढून कानाशी हलवला की आतलं पेट्रोल डुचमळताना ऐकू येतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या टाकीच्या तळाचा थर सोडवतं, आणि तोच गाळ फिल्टरमधून निसटला तर निडलपर्यंत पोचतो.

ओव्हर झालेली गाडी चालू करताना चोक पूर्ण आत ढकला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. पॅडल वरखाली करू नका, कारण प्रत्येक दाबाला कार्बोरेटरचा छोटा पंप पेट्रोलची नवी पिचकारी मारतो. दाबून धरल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडतं, भरपूर हवा आत येते आणि साचलेलं पेट्रोल उडून जातं. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत अशा वेळी संगणक इंजेक्टर बंदच ठेवतो.

गाडी चालू झाली तरी डिपस्टिक काढून वास घ्या. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि इंजिन ऑइल पातळ करतं. ऑइलला पेट्रोलचा उग्र वास येत असेल किंवा पातळी वाढलेली दिसली, तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. बेअरिंगला ऑइलच्याच थराचा आधार असतो.