अनेकार्थी इंग्रजी शब्दांचे मराठी प्रशासकीय भाषांतर

एकाहून अधिक अर्थ असलेल्या इंग्रजी शब्दासाठी योग्य मराठी प्रतिशब्द निवडणे हा मराठीच्या प्रशासकीय परिभाषेतील जुना प्रश्न आहे. थॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्येच भाषा संचालनालय सुरू झाले आणि १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर अशा शब्दांची गरज आणखी वाढली.

संदर्भ आणि प्रतिशब्द

'चार्ज' हा शब्द या प्रश्नाचे ठळक उदाहरण आहे. अधिकारी बदलतो तेव्हा त्याचा अर्थ कार्यभार, फौजदारी न्यायालयात दोषारोप, सेवेच्या मोबदल्यात आकार आणि भौतिकशास्त्रात प्रभार असा होतो. जमीन तारण असेल तर सातबारा उताऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात त्याची नोंद 'बोजा' म्हणून होते. तेथे 'आकार' लिहून चालत नाही, कारण त्याच उताऱ्यावर तो शब्द जमीन महसुलाच्या आकारणीसाठी आधीच वापरात आहे. एखादा प्रतिशब्द केवळ मूळ अर्थाशी जुळून पुरत नाही. त्या कागदावरील इतर शब्दांशी त्याची गल्लत होता कामा नये.

राजूर परिसरातील वापर

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९७४–७९) आदिवासी उपयोजनेबरोबर देशात असे प्रकल्प आखण्यात आले. येथे 'प्रकल्प' म्हणजे ठरावीक क्षेत्रासाठी कायम चालणारी प्रशासकीय यंत्रणा. मात्र भंडारदरा आणि निळवंडे ही धरणे ज्या प्रवरा नदीवर आहेत, तिच्या खोऱ्यात हाच शब्द धरणासाठीही वापरला जातो. त्यामुळे 'प्रकल्प अधिकारी' आणि 'प्रकल्पग्रस्त' या शब्दांतील प्रकल्प एक नव्हे.

वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ च्या अंमलबजावणीत भाषांतराचा परिणाम थेट नागरिकांपर्यंत पोहोचतो. इंग्रजी 'क्लेम'साठी 'दावा' हा शब्द रूढ झाला. मराठीत दिवाणी न्यायालयातील खटल्यालाही दावाच म्हणतात. वनहक्काच्या दाव्यात मात्र वादी-प्रतिवादी नसतात आणि त्याची सुरुवात न्यायालयात नव्हे, ग्रामसभेत होते. पुढे तो उपविभागीय व जिल्हास्तरीय समितीकडे जातो. ज्याला हा फरक ठाऊक नाही, त्याला 'दावा दाखल करा' ही सूचना कोर्टकचेरीचे आमंत्रण वाटू शकते. 'मागणी अर्ज' हा शब्द सौम्य ठरला असता. परंतु मागणी म्हटले की देणाऱ्याची मर्जी आली. अधिनियम नवा हक्क देत नाही, आधीपासून असलेल्या हक्काला मान्यता देतो. त्या दृष्टीने 'दावा' अधिक नेमका आहे.

याच अधिनियमातील 'कम्युनिटी' या शब्दासाठी 'सामूहिक' हे विशेषण स्वीकारले गेले. 'समाज' हा शब्द अधिक परिचित असला, तरी गावच्या बोलण्यात त्याचा अर्थ बहुधा जात असाच घेतला जातो. महादेव कोळी, ठाकर आणि इतर वननिवासी एकाच गावात राहत असतील, तर 'समाजाचा वनहक्क' या रचनेतून तो कोणा एकाच जमातीचा आहे असा समज झाला असता.

उलट दिशेचा प्रश्न

काही वेळा अनेक इंग्रजी शब्द एकाच मराठी शब्दात येतात. 'गटविकास अधिकारी' यातील गट म्हणजे 'ब्लॉक', 'बचत गट' यातील गट म्हणजे 'ग्रुप', तर जमिनीच्या 'गट क्रमांका'तील गट एकत्रीकरण योजनेतून आलेला आहे. 'योजना' हा शब्दही 'प्लॅन' आणि 'स्कीम' या दोहोंसाठी चालतो. फरक दाखवायचा असल्यास पहिल्यासाठी 'आराखडा' वापरतात. इतर भाषांतही असे घडते. पोलिश भाषेत 'झामेक' या एकाच शब्दाने किल्ला, कुलूप आणि कपड्याची चेन या तिन्ही वस्तू ओळखल्या जातात.