मताला सोबत हवी

माणसाचे मत पालटले की त्याचे वर्तनही पालटते, ही सुधारकांची जुनी श्रद्धा. व्याख्याने द्यावीत, लेख लिहावेत, मने वळवावीत. पुढचे कार्य आपोआप सिद्धीस जाईल! अनुभव मात्र निराळेच सांगतो.

रिचर्ड लापिएर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३४ साली एक मासलेवाईक हकीकत प्रसिद्ध केली. एका चिनी दांपत्यासमवेत त्याने सुमारे दहा हजार मैलांचा प्रवास केला. चिनी लोकांविषयी त्या देशात तेव्हा उघड आकस होता. तरीही २५१ उतारगृहे व खाणावळी यांपैकी अवघ्या एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. पुढे याच मालकांना पत्राने विचारले, ‘चिनी गिऱ्हाईक घ्याल काय?’ उत्तर धाडणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी ‘नाही’ म्हणून कळविले. कागदावरचे मत एक, दारातले वर्तन दुसरे!

मग मत कृतीत उतरते तरी केव्हा? डेबोरा टेरी व मायकेल हॉग यांनी १९९६ साली ऑस्ट्रेलियातील विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून याचे एक उत्तर दिले. विषय साधेच होते: नियमित व्यायाम आणि उन्हापासून त्वचेचे रक्षण. सोबत्यांच्या रीतीचा प्रभाव ज्यांच्या निश्चयावर पडला, त्यांना तो गट मनापासून ‘आपला’ वाटत होता. परक्याचा उपदेश कानावरून जातो. आपल्या माणसांची रीत अंगवळणी पडते.

गोमंतकाने तर हे प्रत्यक्ष भोगले आहे. सालाझारशाहीत लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सरकारी तपासनिसाला दाखवावी लागे. त्याची चीड अनेक घरांत होती. पण ती माजघराचा उंबरठा ओलांडीत नव्हती. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस सभेला उभे राहिले व पकडले गेले. त्या दिवशी गोमंतकीयांना नवे मत मिळाले नाही, ते होतेच. मिळाली ती ‘असे वाटणारा मी एकटा नव्हे’ ही जाणीव. पुढच्या महिन्यांत गावोगावचे सत्याग्रही तुरुंगाची वाट चालू लागले, ते याच जाणिवेच्या बळावर.

आता ती लग्नपत्रिका छापण्यास कुणाची परवानगी लागत नाही. पण तिच्यामागचा व्यवहार मोकळा झाला आहे काय? देशात हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. हुंडा वाईट, हे कोण नाकारतो? तरीही बैठकीत शब्द येतात ते असे: ‘आमचे काही मागणे नाही, पण आमच्यात रीत आहे, चार लोक काय म्हणतील?’ गंमत अशी की त्या चार लोकांनाही घरी बसून तेच वाटत असते. प्रत्येकजण दुसऱ्याच्या भयाने एका नकोशा रीतीचा भार वाहतो आहे आणि वधूपिता कर्जात बुडतो आहे.

येथे आणखी व्याख्यानांचा उपयोग नाही. देवस्थानांच्या महाजनांनी, ज्ञातिसंस्थांनी आणि गावच्या मंडळांनी हा नकार चारचौघांत उच्चारला पाहिजे. ज्या घरांनी देणेघेणे टाळले, त्यांनी ते अभिमानाने सांगितले पाहिजे. मात्र समूहाचे बळ दुधारी असते. ज्या ‘आपलेपणा’ने माणूस सत्याग्रही होतो, त्याच आपलेपणाने तो शेजाऱ्याचा द्वेष्टाही होऊ शकतो. म्हणून ‘आमच्यात अशी रीत आहे’ असे म्हणताना, ती रीत कोणती असावी हे ठरविण्याची जबाबदारी आपणा प्रत्येकाची आहे. त्या चार लोकांत आपणही एक असतो, हे विसरून कसे चालेल?