‘झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

रविवारी मेगाब्लॉक असला की आपण वैतागतो. पण त्या काही तासांत रुळांवर चार खात्यांची माणसं एकमेकांशी कशी बोलतात, हे आपल्या ऑफिसनेही शिकण्यासारखं आहे.

झाशीचंच बघा. दिल्ली, भोपाळ, कानपूर, प्रयागराज अशा चारही बाजूंच्या गाड्या इथे येतात. २००३ पर्यंत हा विभाग मध्य रेल्वेत होता, म्हणजे मुख्यालय आपल्या मुंबईत. आता तो उत्तर मध्य रेल्वेत आहे. इथे रूळ सांभाळणारे वेगळे, वरची तार सांभाळणारे वेगळे, सिग्नलवाले वेगळे आणि गाड्या सोडणारे वेगळे. प्रत्येकाचं शिक्षण निराळं, साहेब निराळा.

आता नुसतं ‘ब्लॉक मिळाला’ म्हटलं, तर काय समजायचं? रूळवाल्यांच्या लेखी त्या मार्गावर गाडी येणार नाही. पण वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असू शकतात. तारवाल्यांच्या लेखी वीज बंद झाली. पण डिझेल इंजिन तरीही येऊ शकतं. शब्द एक, अर्थ दोन. गैरसमज झाला तर जिवाशी गाठ!

म्हणून रेल्वेत ‘ट्रॅफिक ब्लॉक’ आणि ‘पॉवर ब्लॉक’ असे वेगळे शब्द आहेत. दुरुस्तीसाठी सिग्नल यंत्रणा बंद करायची असेल, तर सिग्नलवाला आधी स्टेशन मास्तरांना लेखी मेमो देतो. त्यांची संमती मिळाल्यावरच तो यंत्रणेला हात लावतो. काम संपलं की पुन्हा लेखी कळवतो. ‘मी सांगितलं होतं’ एवढ्यावर भागत नाही. समोरच्याला ते पोहोचल्याची खूण लागते.

तुमच्या ऑफिसात डिझाइनवाले, हिशेबवाले आणि विक्रीवाले एकत्र बसतात ना? मग एवढं करून पाहा:

• ‘झालं’, ‘फायनल’, ‘अर्जंट’ या शब्दांचा अर्थ आधीच ठरवा. ‘अर्जंट’ म्हणजे आज की आठवडाभरात?

• ‘कळलं का?’ विचारू नका. सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘आता तुम्ही काय करणार?’ असं विचारा.

• ठरलेलं दोन ओळींत लिहून पाठवा आणि उत्तर येईपर्यंत काम सुरू करू नका.

• दुसऱ्याच्या खात्यातला शब्द अडला तर लगेच विचारा. त्यात कमीपणा कसला?

पुढच्या मेगाब्लॉकला गाडीची वाट पाहताना हे आठवा. ते चौघं नीट बोलले, म्हणूनच तुमची गाडी सुखरूप येते.