रुग्णाच्याच पेशी कॅन्सरशी लढतात तेव्हा : ‘कार-टी’ उपचार समजून घेऊया

‘एका इंजेक्शनमध्ये कॅन्सर गायब’ असे मेसेज व्हॉट्सॲपवर अधूनमधून येत असतात. घरात अम्मी, अब्बा किंवा एखादं लेकरू आजारी असेल, तर असा मेसेज वाचून जीव वर-खाली होतो. सुरू असलेली केमो थांबवून त्या इंजेक्शनच्या मागे लागावं का, असा प्रश्नही पडतो. या मेसेजमागे एक खरं संशोधन आहे, आणि त्याचा महत्त्वाचा भाग आपल्या मुंबईतच झाला आहे. पण ते कुणासाठी आहे, हे आधी समजून घ्यायला हवं.

हा उपचार काय आहे?

आपल्या रक्तात ‘टी’ पेशी असतात. शरीराचे हे पहारेकरीच म्हणा. विषाणूने बिघडलेली पेशी दिसली की त्या तिला मारतात. कॅन्सरची पेशी मात्र आपल्याच शरीरातून तयार झालेली असते, त्यामुळे ती बऱ्याचदा या पहारेकऱ्यांच्या नजरेतून सुटते.

कार-टी उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत एका निकामी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात नवीन जनुक घालतात. त्यामुळे पेशीवर ‘कार’ नावाचा एक भाग उगवतो. कॅन्सरच्या पेशीवरची ‘सीडी-१९’ ही खूण तो ओळखतो. अशा पेशींची संख्या वाढवून त्या सलाइनसारख्या पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडल्या जातात.

अमेरिकेपासून मुंबईपर्यंत

२०१२ मध्ये अमेरिकेत एमिली व्हाइटहेड या लहान मुलीवर हा उपचार झाला. तिचा रक्ताचा कॅन्सर केमोला दाद देत नव्हता. ती बरी झाली. २०१७ मध्ये तिथे या उपचाराला मंजुरी मिळाली, पण किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर!

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधकांनी मिळून भारतीय कार-टी तयार केली. नाव ‘नेक्सकार-१९’. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला सरकारी मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. परदेशाच्या तुलनेत खर्च बराच कमी असला, तरी तो लाखांच्या घरात जातो. साध्या कुटुंबासाठी ही रक्कम मोठीच आहे.

कुणासाठी, कुणासाठी नाही

हा उपचार सगळ्या कॅन्सरवर चालत नाही. ‘बी’ पेशींचा ल्युकेमिया किंवा लिम्फोमा असलेल्या आणि नेहमीच्या उपचारांनंतरही आजार उलटलेल्या किंवा न हटलेल्या रुग्णांसाठी तो आहे. स्तन, तोंड, फुप्फुस अशा गाठींच्या कॅन्सरवर प्रयोगशाळांत काम सुरू आहे, पण तिथे असं यश अजून मिळालेलं नाही.

धोकेही आहेत. पेशी लढायला लागल्या की तीव्र ताप येतो, रक्तदाब खाली जातो. सीडी-१९ ही खूण निरोगी बी पेशींवरही असते. त्याही मरतात, म्हणून नंतर जंतुसंसर्गाची भीती राहते. काही रुग्णांमध्ये कॅन्सर परततोही.

घरच्यांनी काय करावं?

सुरू असलेला उपचार मध्येच सोडू नका. लहान मुलांमधला तीव्र ल्युकेमिया नेहमीच्या केमोनेच बहुतेक वेळा बरा होतो. आजार उलटला असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा : आमच्या रुग्णाच्या कॅन्सरवर सीडी-१९ आहे का? हा उपचार कुठे मिळेल? हॉस्पिटलसह एकूण खर्च किती? मदत कुठून मिळू शकेल? जमीन विकण्याआधी किंवा दागिने गहाण ठेवण्याआधी या प्रश्नांची उत्तरं हातात असायला हवीत.

उमेद जरूर ठेवा, पण मेसेज वाचून नव्हे, डॉक्टरांशी बोलून.