बालभत्ता (युनायटेड किंग्डम)

बालभत्ता (चाइल्ड बेनिफिट) हे युनायटेड किंग्डममध्ये मुलांचे संगोपन करणाऱ्या कुटुंबांना शासनाकडून मिळणारे अर्थसाहाय्य आहे. मूल १६ वर्षांचे होईपर्यंत, आणि ते मान्यताप्राप्त शिक्षण वा प्रशिक्षण घेत असल्यास २० वर्षांचे होईपर्यंत, हा भत्ता मिळू शकतो.

पार्श्वभूमी

वेतन कामावरून ठरते, घरात खाणारी तोंडे किती यावरून नव्हे. त्यामुळे ज्या पगारात एकट्या कामगाराचे भागते, त्याच पगारात चार मुलांच्या कुटुंबाची ओढाताण होते. समाजसुधारक एलिनॉर रॅथबोन यांनी 'द डिसइनहेरिटेड फॅमिली' (इ.स. १९२४) या ग्रंथात हा प्रश्न मांडला. इ.स. १९४२च्या बेव्हरिज अहवालानेही बालभत्त्याचा पुरस्कार केला.

मातेचा हक्क

इ.स. १९४५च्या कुटुंबभत्ता विधेयकाच्या मूळ मसुद्यात रकमेचा हक्क पित्याला दिलेला होता. खासदार असलेल्या रॅथबोन यांनी त्यास तीव्र विरोध केला व रक्कम मातेला देण्याची तरतूद झाली. ऑगस्ट १९४६ पासून पहिले मूल वगळता प्रत्येक मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागले. रॅथबोन यांचे निधन त्याच वर्षी जानेवारीत झाले होते.

पुढे मुलांसाठी आयकरातही सवलत होती. परंतु तिचा लाभ बहुधा पित्याच्या पगारात जमा होई आणि कर भरण्याइतके उत्पन्न नसलेल्यांना तो मिळतच नसे. इ.स. १९७५च्या कायद्यानुसार कुटुंबभत्ता व ही सवलत यांच्या जागी बालभत्ता आला. इ.स. १९७७ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली व पहिल्या मुलाचाही समावेश झाला.

सद्यस्वरूप

२०२५-२६ या वर्षी थोरल्या मुलासाठी आठवड्याला २६.०५ पौंड, तर इतर प्रत्येक मुलासाठी १७.२५ पौंड असा दर होता. १२ वर्षांखालील मुलासाठी भत्त्याची मागणी करणाऱ्या, पण नोकरी न करणाऱ्या पालकाच्या निवृत्तिवेतनाच्या पात्रतेत संगोपनाचा हा काळही धरला जातो.

टीका

जानेवारी २०१३ पासून अधिक उत्पन्न असलेल्यांकडून हा भत्ता कररूपाने परत घेतला जातो. एप्रिल २०२४ पासून ही वसुली ६०,००० पौंडांपुढील वार्षिक उत्पन्नावर सुरू होते, तर ८०,००० पौंडांवर संपूर्ण भत्ता परत जातो. ही मर्यादा कुटुंबाच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या उत्पन्नावर ठरते. परिणामी प्रत्येकी ६०,००० पौंड मिळवणाऱ्या दांपत्याचा भत्ता अबाधित राहतो; मात्र ८०,००० पौंड मिळवणाऱ्या एकल मातेला तो पूर्णपणे गमवावा लागतो.