कानाने पाहायची वास्तू

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच गेला, छत कोसळले. दगडी भिंती तेवढ्या उरल्या.

राजर्षी शाहू महाराज 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे पुरातन क्रीडागार पाहिले. त्यातून खासबागचे कुस्ती मैदान आकाराला आले आणि त्याच्या पाठीला पाठ लावून 1915 मध्ये हे नाट्यगृह उभे राहिले. तेव्हाचे नाव पॅलेस थिएटर. अलीकडे रंगभूमी, पलीकडे लाल माती. मल्लाच्या दमाची आणि गवयाच्या दमाची कदर करणारा राजा एकच होता. उस्ताद अल्लादियाखाँसाहेब याच दरबारचे गायक.

पुढे नाट्यगृहाला केशवरावांचे नाव मिळाले, तेही सार्थच. याच मातीत 1890 मध्ये जन्मलेल्या या नटाने 1908 मध्ये हुबळीला ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली. टिळक स्वराज्य फंडासाठी जुलै 1921 मध्ये मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये ते धैर्यधर होते, तर बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले. वय अवघे 31.

त्यांच्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. गायकाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचे काम वास्तूलाच करावे लागे. भिंतीवरून आणि छतावरून परतलेला आवाज मूळ आवाजाच्या लगोलग आला, तर तो त्याला बळ देतो. तोच रेंगाळत आला, तर तानेतले स्वर एकमेकांत मिसळतात आणि कवितेतली अक्षरे पुसट होतात. दगड आवाज परतवतो. पडदे, गाद्या आणि भरगच्च बसलेली माणसे तो शोषून घेतात. या दोहोंचा मेळ जमला, म्हणजे सभागृह गाऊ लागते. कवी म्हणून मला हे फार मोलाचे वाटते. शब्द नीट ऐकू आला नाही, तर दाद कशाला द्यायची?

आगीनंतर शासनाने आणि महापालिकेने पुनर्बांधणीचे काम हाती घेतले. जुन्या कमानी, जुना दर्शनी भाग जपायला हवाच. पण छताची उंची, लाकूडकाम, आसनांचा उतार हे सारे ठरवताना ध्वनिशास्त्र जाणणाऱ्याइतकेच जुन्या गायकनटांनाही विचारावे. उद्घाटनाआधी एकदा ध्वनिक्षेपक बंद ठेवून एखादे नाट्यपद गाऊन घ्यावे आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाने कौल द्यावा. शाहू महाराजांची वास्तू परत मिळाली की नाही, हे तोच सांगू शकेल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)